जुन्या मोटारीच्या दिव्यांचे कळकलेले कपलर : तपासणी आणि दुरुस्ती

पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक राहिले की ते कळकते, हे ज्यांच्या घरी पितळी भांडी होती त्यांना सांगायला नको. मोटारीच्या दिव्यांच्या वायरिंगमध्ये वायरी एकमेकींना जोडणारे जे प्लॅस्टिकचे कपलर असतात, त्यांच्या पोटात याच जातीची घडामोड चालते. कपलरच्या आतील टर्मिनले बहुधा पितळेची असतात आणि त्यांना कथिलाची पातळ कल्हई केलेली असते. वीस-पंचवीस वर्षांच्या हादऱ्यांनी ती कल्हई घासून जाते, पावसाचा ओलावा आत शिरतो, आणि पितळेवर आधी काळपट डाग व मग हिरवी-निळी पूड धरते. ताकाऐवजी येथे उजेड नासतो.

माझी १९९८ सालची मारुती ८०० रत्नागिरीजवळ खाडीकाठी उघड्या पडवीत उभी असते. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे तिच्या दिव्यांचा जवळजवळ प्रत्येक जोड मला एकदा तरी उघडावा लागला आहे, आणि या लेखातील कामाचा क्रम त्यातूनच बसत गेला. येथील आकडे व पद्धती १२ व्होल्टच्या, बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेल्या कोणत्याही जुन्या मोटारीला लागू पडतील. वायरींचे रंग आणि फ्यूजच्या जागा मात्र ज्याच्या त्याने आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहाव्यात.

जोडात नेमके काय बिघडते

एच-४ प्रकारच्या हॅलोजन बल्बचा डिपर, म्हणजे खालचा झोत, ५५ वॅटचा व अप्पर, म्हणजे वरचा झोत, ६० वॅटचा असतो, म्हणजे एका हेडलाइटमधून सुमारे ५ अँपिअर प्रवाह वाहतो. चांगल्या जोडाचा रोध नगण्य असतो. त्यावर थर बसून तो ०.१ ओहमपर्यंत वाढला, तर त्या एका जोडात अर्धा व्होल्ट खर्ची पडतो आणि अडीच वॅट उष्णता निर्माण होते. अडीच वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण ती उष्णता करंगळीच्या नखाएवढ्या जागेत कोंडलेली असते. तिने टर्मिनलची स्प्रिंग मऊ पडते, पकड ढिली होते, रोध आणखी वाढतो आणि उष्णताही वाढते. एच-४ चे होल्डर जे पिवळे पडून शेवटी वितळलेले दिसतात, ते बहुतेक वेळा या फेऱ्यात सापडलेले असतात.

हॅलोजन किंवा साध्या तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी झाले, तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो आणि त्याचा रंगही पिवळ्याकडे झुकतो. म्हणूनच जुन्या गाडीचा मालक आधी बल्ब बदलतो, मग जास्त वॅटचा बल्ब टाकतो आणि शेवटी काचेला दोष देतो. मी स्वतः दोनदा बल्ब बदलले आणि एकदा, तेही गॅरेजमधील सल्ल्यावरून, बॅटरी बदलली. डावा हेडलाइट पिवळा होता तो पिवळाच राहिला. त्या बल्बपर्यंत केवळ ११.६ व्होल्ट पोचत होते, हे पाहायला मीटर लावावा लागतो, आणि तो कोणीच लावला नव्हता.

लक्षणांवरून अंदाज

मीटर हाती घेण्यापूर्वी संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे लावावेत आणि एकेक दिवा शांतपणे पाहावा. एकच हेडलाइट मंद असेल, तर दोष त्या दिव्याच्या जवळच्या जोडात किंवा त्याच्या अर्थमध्ये (बॉडीमार्गे बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेत) असतो. दोन्ही सारखेच मंद असतील, तर सामाईक वाट, म्हणजे फ्यूज बॉक्स, स्विच आणि त्यांच्या मागील कपलर तपासायचे. त्याआधी इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात ना, हे पाहून घ्यावे, कारण चार्जिंगच कमी असेल तर कपलर घासून काही हाती लागणार नाही.

मागील दिव्यांची लक्षणे अधिक गमतीची असतात. ब्रेक दाबल्यावर पार्किंग लाइट मंद होतो, किंवा इंडिकेटरबरोबर शेजारचा लाल दिवाही मिचमिचू लागतो, तेव्हा त्या बाजूचा अर्थ गेला आहे असे जवळजवळ डोळे मिटून म्हणता येते. परतीची वाट बंद झाल्यामुळे प्रवाह शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा शिरून बाहेर पडायला पाहतो, आणि म्हणून जो दिवा लावलाच नाही तो अर्धवट पेटतो. असे तीन दिवे एकदम वेडे झाले की लोक नवे वायरिंग टाकायला निघतात. बहुधा एक बोल्ट घासून घट्ट करण्यावर ते काम भागते.

साहित्य

एक साधा डिजिटल मल्टिमीटर ही या कामातील एकमेव अनिवार्य वस्तू आहे. त्याच्या जोडीला इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पितळी तारांचा लहान ब्रश, ६०० नंबरचा पॉलिश पेपर, बारीक टोकाची पक्कड, टर्मिनल बाहेर काढण्यासाठी पातळ घासलेली शिवणयंत्राची सुई किंवा घड्याळजीचा लहान स्क्रूड्रायव्हर, आणि सिलिकोनचे डायइलेक्ट्रिक ग्रीस लागेल. टर्मिनले बदलायची असतील तर दाते जुळणारा चांगला क्रिम्पिंग (टर्मिनल वायरीवर चेपून बसवणारा) प्लायर, आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी, आणि १.५ व २.५ चौरस मिलिमीटर जाडीची मोटारीसाठीची लवचीक वायर घ्यावी. घरगुती वायरिंगची एकाच जाड तारेची वायर गाडीत कधीही वापरू नये. हादऱ्यांनी ती मोडते.

२१ वॅटच्या जुन्या इंडिकेटर बल्बला दोन वायरी डकवून केलेला टेस्ट लॅम्पही जवळ असावा. तो पावणेदोन अँपिअर प्रवाह ओढतो, त्यामुळे एका तंतूवर तग धरून असलेली वायर त्याच्यासमोर लगेच उघडी पडते.

मीटरने शोध घेणे

येथे दोन चुका हमखास होतात. पहिली, बल्ब काढून रिकाम्या होल्डरमध्ये व्होल्टेज मोजणे. प्रवाह वाहत नसेल तर खराब जोडातही व्होल्टेज खर्च होत नाही, आणि मीटर निर्मळ मनाने पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. दुसरी, ओहमच्या खुणेवर ठेवून वायर तपासणे. तीस तंतूंपैकी एकच शाबूत असला तरी मीटर शून्याच्या आसपासच आकडा दाखवील. जोडाची परीक्षा दिवा पेटलेला असतानाच, म्हणजे तो ओझे वाहत असतानाच, घ्यावी लागते.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, इंजिन चालू करून डिपर लावावा. काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकावर व लाल पिन धन टोकावर लावून आकडा लिहून घ्यावा. मग कपलर न काढता, त्याच्या पाठीमागून, वायरीच्या कडेने बारीक टाचणी आत सरकवून बल्बच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावे. वायरीच्या आवरणाला भोक पाडून मोजण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण पुढच्या पावसात पाणी त्याच भोकातून आत जाते.

दोन आकड्यांतील फरक म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्टेज. ते कोठे हरवले हे शोधण्यासाठी लाल पिन बॅटरीच्या धन टोकाच्या शिशाच्या खुंटीवर आणि काळी पिन बल्बच्या धन टर्मिनलवर ठेवावी. मीटर धन बाजूचा सगळा तोटा थेट दाखवतो. नंतर लाल पिन बल्बच्या अर्थ टर्मिनलवर आणि काळी पिन बॅटरीच्या ऋण खुंटीवर ठेवून परतीच्या बाजूचा तोटा मोजावा. धन बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंतचा आणि अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टपर्यंतचा तोटा जुन्या गाडीत मी चालवून घेतो. त्यापुढे गेला की शोध सुरू करतो.

माझ्या डाव्या हेडलाइटचे आकडे असे होते : बॅटरीवर १३.९, बल्बवर ११.६, धन बाजूला ०.७ आणि अर्थच्या बाजूला तब्बल १.६ व्होल्टचा तोटा. मग लाल पिन बल्बच्या अर्थ टर्मिनलवरच स्थिर ठेवून काळी पिन एकेक टप्पा जवळ आणली. कपलर ओलांडून अर्थच्या लगपर्यंत, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या वायरीच्या धातूच्या कडीपर्यंत, ०.३, लगपासून तिच्याखालच्या बॉडीच्या पत्र्यापर्यंत १.२, आणि पत्र्यापासून बॅटरीपर्यंत ०.१ व्होल्ट. त्या दिव्याच्या तोट्यातील सर्वांत मोठा वाटा रुपयाएवढ्या जागेतील गंजाचा होता, आणि तो बोल्ट वरून पाहिल्यास अगदी धडधाकट दिसत होता.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. काही जुन्या, विशेषतः जपानी रचनेच्या गाड्यांमध्ये हेडलाइटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो. बल्बच्या सामाईक टर्मिनलला धन पुरवठा मिळतो आणि डिपर-अप्परच्या वायरी स्विचमार्गे बॉडीला जातात. हे ओळखण्यासाठी बल्बचा कपलर काढून, डिपर लावून, सामाईक टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये व्होल्टेज मोजावे. शून्य आले तर नेहमीची रचना, १२ च्या आसपास आले तर स्विच अर्थच्या बाजूला आहे असे समजावे. हे न पाहता नवी अर्थ वायर जोडली, तर फ्यूज उडण्यापासून दिवे बंदच न होण्यापर्यंत काहीही घडू शकते.

कपलर उघडणे

दोष कोठे आहे हे कळल्यावरच हत्यारे काढावीत. दिवे व इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण केबल आधी काढावी आणि काम संपल्यावर ती सर्वांत शेवटी लावावी. उलट केले आणि धन टोकावरचा पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनच्या शेजारीच उडते. हॅलोजन बल्ब नुकताच विझवला असेल तर निवू द्यावा.

कपलरचा फोटो दोन बाजूंनी घ्यावा आणि कोणत्या रंगाची वायर कोठे जाते ते कागदावर लिहावे. फोटोत तपकिरी आणि लाल रंग सारखेच दिसतात, म्हणून कागद हवाच. वीस वर्षांचे प्लॅस्टिक पापडासारखे कडकडीत झालेले असते. त्याची खिट्टी थेट उचलली तर तुटते. केस वाळवायच्या यंत्राने दोन मिनिटे ऊब दिली किंवा गरम पाण्यात पिळलेले फडके गुंडाळून ठेवले, तर ती नरम पडते. कपलर न सुटल्यास कॉन्टॅक्ट क्लीनर आत फवारून दहा मिनिटे थांबावे आणि दोन्ही अर्धे धरून डावे-उजवे हलवत सोडवावे. वायरींना धरून कधीही ओढू नये. टर्मिनल आतच राहते आणि वायर हातात येते.

काय वाचते आणि काय फेकावे

उघडलेला कपलर उन्हात नेऊन पाहावा. टर्मिनलवर केवळ काळपट किंवा राखाडी छटा असेल आणि पाते खोबणीत घट्ट बसत असेल, तर साफसफाई पुरते. हिरवी पूड आहे पण ती झटकल्यावर खालचा धातू सपाट व अखंड दिसतो, अशा वेळी साफ करून पुन्हा मोजायचे आणि मग ठरवायचे. धातूला खड्डे पडले आहेत, रंग निळा-जांभळा झाला आहे किंवा शेजारचे प्लॅस्टिक वितळले आहे, तर साफसफाईत वेळ घालवू नये. भाजलेल्या पितळेची स्प्रिंग परत येत नाही. ते टर्मिनल चकाकेपर्यंत घासले, तरी महिनाभरात पुन्हा तापू लागेल.

साफ करताना आधी कोरडा ब्रश फिरवून पूड झटकावी, मग क्लीनर फवारून ती धुऊन काढावी. पाते, ज्याला गॅरेजमध्ये मेल म्हणतात, ते पॉलिश पेपरने एक-दोन हात हलकेच घासावे. उरलीसुरली कल्हई खरवडून पितळ लखलखीत करण्याचा मोह येतो, तो आवरावा, कारण उघडे पितळ कल्हई केलेल्या पितळेपेक्षा लवकर काळवंडते. खोबणीसाठी, म्हणजे फीमेलसाठी, पॉलिश पेपरची दोन मिलिमीटर रुंद पट्टी घडी घालून आत-बाहेर करावी. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावे. पेट्रोल वापरू नये. ते काही प्लॅस्टिक व रबरे फुगवते, आणि आगीचा धोका आहे तो वेगळाच.

चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर यांनी पितळ कसे उजळते हे आपण जाणतो, आणि म्हणूनच हा उपाय पुष्कळांना सुचतो. आम्ल हिरवा थर खरोखरच विरघळवते. पण वायर जोडलेल्या टर्मिनलला ते लावले, तर तांब्याच्या तंतूंमधून दिव्याच्या वातीसारखे वर चढते आणि आवरणाच्या आत बसून वायर खात राहते. म्हणून आम्लाचा उपयोग वायर पूर्ण सुटी केलेल्या धातूच्या होल्डरपुरताच करावा, नंतर तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन उन्हात वाळवावा. वायर असेल तेथे चिंच नको.

साफ झालेल्या खोबणीची पकड तपासण्यासाठी त्याच मापाचे नवे सुटे पाते घेऊन एकेका खोबणीत घालून पाहावे. ते आत जाताना आणि निघताना स्पष्ट ओढ जाणवली पाहिजे. ढिले वाटले तर बारीक पक्कडीने खोबणीच्या वळलेल्या कडा किंचित दाबाव्यात. एकदा दाबूनही ओढ आली नाही, तर टर्मिनल बदलावे.

टर्मिनल बदलणे

टर्मिनलच्या पाठीवर बहुधा एक लहान जीभ असते, जी प्लॅस्टिकच्या खाचेत अडकून त्याला धरून ठेवते. काही कपलरमध्ये ही जीभ प्लॅस्टिकची व टर्मिनलला रोखणारी असते. समोरून उजेड पाडून ती शोधावी, वायर प्रथम पुढे ढकलावी म्हणजे जिभेवरचा ताण जातो, मग सुईने जीभ दाबून वायर मागे ओढावी. योग्य जागी दाबल्यास ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघते. जोर लावावा लागत असेल तर सुई चुकीच्या जागी आहे.

जुने टर्मिनल कापल्यावर वायरीचे आवरण सहा-सात मिलिमीटर सोलावे आणि तांब्याचा रंग पाहावा. तो गुलाबी-लालसर व चमकदार हवा. काळा असेल तर पाणी आवरणाच्या आत चढलेले आहे, आणि अशा काळ्या तंतूंवर नवे टर्मिनल बसवणे म्हणजे कुजलेल्या वाशावर नवे कौल घालणे होय. चकचकीत तांबे लागेपर्यंत दोन-दोन सेंटिमीटर मागे कापत जावे. माझ्या गाडीच्या मागील डाव्या दिव्यात मला असे एक वीतभर मागे जावे लागले. आवरण बाहेरून नवे वाटावे इतके गुळगुळीत होते आणि आतले तंतू चिमटीत धरताच काळी भुकटी होऊन गळत होते. वायर अपुरी पडली तर त्याच रंगाची, तेवढ्याच किंवा जास्त जाडीची वायर जोडावी. एका हेडलाइटच्या वाटेला १.५ चौरस मिलिमीटर पुरते. दोन्ही दिव्यांच्या सामाईक वाटेला २.५ घ्यावी.

नव्या टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तांब्यावर आणि मागची आवरणावर दाबायची असते. मागची जोडी हादऱ्यांचा ताण झेलते. दोन्ही एकाच ठिकाणी चेपून टाकणे ही नवशिक्याची खूण आहे. दाबून झाल्यावर वायर चांगली ओढून पाहावी, आणि ती निघाली तर आनंदच मानावा, कारण ती पुढे घाटात निघाली असती.

सोल्डर करावे की नाही, हा वाद जुना आहे. माझे मत क्रिम्पच्या बाजूने आहे. सोल्डर तंतूंमधून वर चढते, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि जेथे ताठपणा संपतो तेथे हादऱ्यांनी वायर तुटते. चांगला प्लायर मिळतच नसेल तर सोल्डर करून वायरीला जवळच आधार द्यावा. वायरी पिळून वर पीव्हीसी टेप गुंडाळण्याची जी पद्धत रस्त्याकडेच्या दुरुस्तीत सर्रास दिसते, ती या दोन्हींहून वाईट : उन्हात टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो, टोक सुटते आणि आत शिरलेले पाणी मात्र तेथेच राहते.

हेडलाइटचा होल्डर वितळलेला असेल तर चिनी मातीचा तयार होल्डर वायरींसह मिळतो, तो घ्यावा. त्याच्या वायरींचे रंग गाडीतील रंगांशी जुळतीलच असे नाही, म्हणून रंगांवर न जाता जागेवर जावे : डिपर, अप्पर आणि सामाईक या तीन पात्यांसमोर जुन्या होल्डरमध्ये जी वायर होती तीच नव्यातही यावी. होल्डरबरोबर बल्बही बदलावा, कारण काळ्या पडलेल्या पात्यांचा जुना बल्ब नव्या होल्डरलाही तापवतो. बल्ब लावताना काचेला बोट लागू देऊ नये. आणि १००/९० वॅटचा बल्ब जुन्या वायरिंगवर लावू नये. त्याचा अप्पर आठ अँपिअरहून जास्त ओढतो.

मागील दिवे

मागे बहुधा कपलरपेक्षा बल्बचा होल्डर दोषी निघतो. तेथे पितळी टोपीचा बल्ब लोखंडी होल्डरमध्ये बसतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, एवढे गंजाला पुरेसे असते. बल्ब घट्ट बसला असेल तर काच फडक्यात धरावी आणि दाबून हळू फिरवावी. होल्डरच्या भिंती पॉलिश पेपरने, आणि तळाचे स्प्रिंगवाले टोक सुईने खरवडून साफ करावे. ते दाबल्यावर परत वर येते ना, हेही पाहावे. २१/५ वॅटच्या दोन तारांच्या बल्बच्या कडेच्या खिळ्या वेगवेगळ्या उंचीवर असतात. तो उलटा बसत नाही, तरी जोर करून बसवलेला मी पाहिला आहे, आणि मग पार्किंगला ब्रेकचा झगझगीत उजेड पडतो.

पाणी कोठून आले हे शोधल्याशिवाय काच परत लावू नये. जुन्या दिव्याचे रबर चपटे होऊन फटी पडतात. खाली निथळण्याचे बारीक छिद्र असेल तर ते मातीने बुजलेले असते. ते मोकळे करावे. फटीत सिलिकोन सीलंट भरायचा असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार घेऊ नये, कारण वाळताना त्यातून अॅसेटिक आम्ल सुटते आणि आतले तांबे-पितळ पुन्हा हिरवे होते. न्यूट्रल क्युअर लिहिलेली नळी मागून घ्यावी.

अर्थचे बोल्ट

अर्थची लग जेथे बॉडीला लावलेली असते, तेथील बोल्ट पूर्ण काढावा, नुसता घट्ट करून समाधान मानू नये. गंजलेला बोल्ट आदल्या रात्री गंजमोड तेल मारून ठेवला तर तुटत नाही. लगच्या आकाराहून किंचित मोठ्या वर्तुळात रंग व गंज घासून उघडा पत्रा काढावा, लगच्या दोन्ही बाजू उजळाव्यात, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट करावा आणि त्यानंतर वरून ग्रीस किंवा रंगाचा हात द्यावा. रंग आधी आणि बोल्ट नंतर, असा क्रम झाला तर सगळी मेहनत वाया जाते. पत्राच कुजला असेल तर जवळ धड पत्रा शोधून तेथे नवे भोक पाडण्याऐवजी मी २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर काढून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेतो.

जोडणी आणि रक्षण

डायइलेक्ट्रिक ग्रीस वीज वाहून नेत नाही, त्यामुळे ते लावल्यास जोड बिघडेल अशी पुष्कळांची समजूत असते. टर्मिनले एकमेकांत बसताना प्रत्यक्ष स्पर्शाच्या जागचे ग्रीस बाजूला सारले जाते आणि उरलेले सभोवार राहून हवा व पाणी अडवते. म्हणून ते साफ झालेल्या पात्यावर पातळ आणि कपलरच्या रबरी ओठावर थोडे जास्त लावावे. कपलर ठासून भरण्याची गरज नाही. पेट्रोलियम जेली मागील दिव्यांना चालते, पण बॉनेटखालच्या उष्णतेत ती वितळून वाहून जाते.

वायर कपलरकडे वरून उतरत असेल तर तिला कपलरच्या आधी एक खालचा झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे थेंब झोळाच्या तळातून गळतील. कपलरचे तोंड शक्यतो आडवे किंवा खाली ठेवावे. त्यावर टेपची पट्टी गुंडाळू नये.

शेवटी बॅटरी जोडून, तेच मोजमाप त्याच क्रमाने पुन्हा करावे. माझ्या डाव्या हेडलाइटवर बोल्ट आणि कपलर यांच्या दुरुस्तीनंतर १३.४ व्होल्ट मिळू लागले. धन बाजूला राहिलेले ०.४ स्विच आणि फ्यूज बॉक्समध्ये आहेत. जुन्या गाडीत दिव्यांचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जात असेल, तर तो भार रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच, लावून कमी करता येतो. बॅटरीपासून जवळच फ्यूज घालून निघालेली जाड वायर रिलेच्या ३० क्रमांकाला, ८७ वरून दिव्याकडे, आणि जुनी स्विचची वायर ८५-८६ या गुंडाळीला, अशी ही जोडणी असते. मात्र स्विच अर्थच्या बाजूला असलेल्या गाडीत बाजारातील सर्वसाधारण तयार संच तसाच चालत नाही. कळकलेले जोड न सुधारता रिले लावणे तर कोणत्याच गाडीत उपयोगाचे नाही.

दिवे पंधरा मिनिटे पेटते ठेवून प्रत्येक कपलरला बोट लावावे. कोमट चालेल, चटका बसत असेल तर तो जोड पुन्हा उघडावा. मी हे आकडे गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवलेल्या वहीत लिहितो आणि वर्षातून दोनदा ताडून पाहतो : एकदा मृग लागण्यापूर्वी, आणि एकदा दसऱ्याला गाडी धुतल्यावर, कारण पाइपच्या जोरदार फवाऱ्याने कपलरमध्ये पावसापेक्षा जास्त पाणी शिरते. गेल्या दसऱ्याला मागील डाव्या दिव्याच्या अर्थचा आकडा ०.१ वरून ०.३ वर गेलेला दिसला. काच काढली तर रबराच्या खालच्या कोपऱ्यात मुंग्यांनी माती आणून निथळण्याचे छिद्र पुन्हा बुजवले होते.